मागच्या टाकीतलं ऊन

विलासराव पार्टे न्हाणीघरातून ओरडले, तेव्हाच उज्ज्वलाकाकींच्या लक्षात आलं की बंबाचं आता काही खरं नाही.

"अगं ए, हे आंघोळीचं पानी हाय का कालचा चहा?"

"कोमट हाय न्हवं? मग घ्या की उरकून," काकी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"ती मागची टाकी सोड की जरा! एक दिवस सोडलीस तर काय आभाळ कोसळतंय?"

यावर काकींनी भाकरी जरा जोरात थापली, एवढंच. विलासरावांना ते उत्तर पुरलं. देवाची होती नव्हती ती सगळी नावं घेत त्यांनी अंगावर चार तांबे ओतले आणि कुडकुडत बाहेर आले.

उंबरटेक गाव घाटमाथ्यावरचं. आषाढ लागला की ढग खाली उतरून थेट घरात शिरतात, आणि भाद्रपद संपेपर्यंत सूर्य दिसेल तर शपथ. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, पापड सादळतात, आणि सकाळी कढत पाण्यावाचून माणसाला जीव नकोसा होतो. पूर्वी घरोघर तांब्याचे बंब होते. पुढे डोंगर राखीव झाला, लाकूडफाटा बंद झाला. मग गॅसच्या सिलिंडरचेही दिवस सरले, आणि एका योजनेतून गावात हे नवं यंत्र आलं. त्याचं कंपनीने ठेवलेलं नाव चांगलं लांबलचक होतं. गावाने ते एकदा ऐकून घेतलं आणि यंत्राला बंबच म्हणायला सुरुवात केली. खरा बंब, काकींच्या सासूबाईंचा, आता पडवीत छत्र्या ठेवायच्या कामाला होता.

नव्या बंबात साठायचं ते ऊन. गच्चीवरच्या काचेच्या नळ्यांतून एक पिवळसर द्रव फिरायचा. गावात त्याला रस म्हणत. ऊन लागलं की या रसाचा एकेक रेणू अंग आखडून घ्यायचा, उंदराचा सापळा ताणून ठेवावा तसा. ऊन गेलं तरी तो तसाच ताणलेला राहायचा. टाकीला हात लावला तर ती थंडगार लागायची, कारण ऊब रेणूंच्या त्या ताणात दडलेली असायची. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं ती तशी राहू शकायची. गरज पडली की रस एका धातूच्या जाळीतून सोडायचा. जाळीचा स्पर्श झाला की सापळा सुटायचा, रेणू सैल व्हायचा आणि धरून ठेवलेली सगळी ऊब बाहेर टाकायचा. शेजारच्या नळीतलं पाणी बघता बघता कढत व्हायचं.

टाकीला एक लहानशी काच होती. ताणलेला रस पाण्यासारखा नितळ दिसायचा, सुटलेला रस पुन्हा पिवळा पडायचा. काचेत डोकावलं की किती ऊन शिल्लक आहे ते कळायचं. कंपनीचा माणूस हे सगळं समजावून गेला तेव्हा बायका म्हणाल्या, म्हणजे हे उन्हाचं वाळवणच झालं की. वैशाखात भरून ठेवायचं आणि श्रावणात काढायचं. त्यालाही ते पटलं.

प्रत्येक बंबाला दोन टाक्या. पुढची मोठी, रोजच्या वापराची. मागची लहान, अडीनडीला. बाकीच्या घरांत मागची टाकी गणपतीच्या पाहुण्यांवर खर्ची पडायची. काकींनी मात्र प्रांजलच्या लग्नाच्या वर्षी ती काठोकाठ भरून घेतली, तिच्या तोटीला लाल चिंधी बांधली, आणि त्यानंतर तिला कुणाला हात लावू दिला नाही. प्रांजल ही त्यांची एकुलती लेक. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि नेमकी पावसाळ्यात बाळंत झाली तर पोरीला न्हाऊ कशाने घालायचं? पहिल्या न्हाणाला तरी कढत पाणी हवंच. म्हणून ही बेगमी.

प्रांजल राहायची चेन्नईला. समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात ती इंजिनीअर होती, नवरा सेंतिलही तिथेच. "तिकडं काय, नळालाच बारा महिने गरम पानी," असं विलासराव जावयाच्या गावाचं कौतुक करायचे. दर रविवारी लेकीचा फोन यायचा. काकी चार इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलायच्या आणि मग फोन हातात घेऊन गच्चीवर जायच्या. मागच्या टाकीच्या काचेवरचं शेवाळ पदराने पुसून तिथे कॅमेरा धरायच्या.

"बघ. तसाच हाय. पान्यासारखा नितळ."

पहिल्या वर्षी प्रांजल हसायची. दुसऱ्या वर्षी "हो आई" म्हणायची. पुढे गच्चीची वेळ झाली की तिची मीटिंग निघायला लागली. गावी येणंही हळूहळू थांबलं. दिवाळीला सुट्टी मिळाली नाही, मग उन्हाळ्यात सेंतिलच्या बहिणीचं लग्न आलं, मग आणखी काहीतरी.

खरं सांगायचं तर काकींना लेक हवी होती. नातवंड आलं असतं तर आनंदच होता, पण काकींना लेकीचे ओले केस पुसायचे होते, ती कुरकुर करत असताना तिच्या टाळूवर तेल थापायचं होतं. नुसतं "ये" म्हणणं त्यांना जमत नव्हतं. त्यांच्या आईलाही ते कधी जमलं नव्हतं. त्यांच्याकडे लेकीला बोलवायला कारण लागायचं. पंचमी, बाळंतपण, कुणाचं आजारपण. कारणाशिवाय बोलावलं तर सासरचे काय म्हणतील, आणि लेकच काय म्हणेल? काकींनी सगळ्यात मोठं कारण धरलं होतं आणि ते टाकीत भरून ठेवलं होतं.

*

बंब बघायला वाईहून नाझनीन मुलाणी आली. बंब विकणं आणि दुरुस्त करणं दोन्ही कामं तिच्याकडे होती. रेनकोट पडवीत टांगून ती गच्चीवर गेली, अर्ध्या तासाने खाली आली आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, "काकी, जाळी संपली. रस निघतोय, पण जाळीच त्याला सोडवत नाही. आणि ही जाळी आता बनत नाही. नवा घ्यावा लागेल."

"कुठला घ्यायचा मग?" विलासराव पुढे सरसावले. या विषयावर त्यांची मतं ठाम होती.

नाझनीनने तीन प्रकार सांगितले. एक हवेतली ऊब ओढणारा. फ्रिज उलटा लावावा तसा तो काम करायचा, पण इथल्या गारठ्यात जरा रेंगाळायचा. दुसरा साधा विजेचा. पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून पावसाळ्यात गावाला विजेची ददात नव्हती. ऊन नसलं तरी वारा मुबलक. कळ दाबली की पाणी गरम, पण साठवण शून्य. तिसरा रसाचाच, नव्या जातीचा. त्याच्या मागच्या टाकीत माणसाची अर्धी हयात जाईल इतकी वर्षं ऊन टिकायचं.

"विजेचा," विलासराव म्हणाले.

"रसाचा," काकी म्हणाल्या. "मोठ्या टाकीचा. यातला रस त्यात ओतता येईल न्हवं?"

नाझनीनने कप खाली ठेवला. "नाही येणार. नवा रस वेगळा आहे, दोन्ही एकमेकांत चालत नाहीत. आणि जुनी टाकी मला भरलेली नेता येत नाही. ताणलेला रस घाटातून न्यायचा नाही असा नियम आहे. वाटेत कशाने सुटला तर गाडी पेटायची."

"मग?"

"मग वापरून टाका. माझ्याकडे एक उतरवलेली जाळी आहे, ती बसवून देते. एकदा चालेल. दहा-बारा बादल्या कढत पाणी निघेल बघा." तिने काकींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला. "कधीचं आहे हे ऊन?"

"पोरीच्या लग्नाच्या वर्षीचं."

"अगं बाई," नाझनीन म्हणाली, आणि तिने दुसरा कप चहा मागितला. पुढच्या आठवड्यात जुना बंब न्यायला गाडी येणार होती. तोवर कोणता घ्यायचा ते ठरवून ठेवा, असं सांगून आणि मागच्या टाकीला ती जाळी बसवून ती गेली.

संध्याकाळी काकींनी वार न बघता लेकीला फोन लावला.

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे हायती. त्यांना काय धाड भरलीया." काकींनी घसा साफ केला. "बंब बदलायचाय. मागची टाकी रिकामी करा म्हनत्यात. म्हनून म्हटलं तुला इचारावं... म्हंजे काय असंल तर. तसं काय असंल तर मी त्यांना थांबा म्हनंन."

पलीकडे काहीच ऐकू येईना. काकींना वाटलं फोन तुटला.

"प्राजू?"

"सोडून दे, आई," प्रांजल म्हणाली. "ओत. घाल बाबांना अंघोळ. माझ्यासाठी काही ठेवू नकोस." आणि या वेळी खरंच फोन तुटला.

विलासराव दाराशी उभे होते. इतकी वर्षं ज्या पाण्यावर डोळा होता ते मिळणार म्हटल्यावर त्यांनी खूश व्हायला हवं होतं. पण ते आत आले, काकींच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मला नगं ते पानी. माझं चालतंय कोमट."

*

दोन दिवसांनी, दुपारच्या एसटीतून, धुक्यातून प्रांजल घरी आली.

खांद्याला एक पिशवी, पायात शहरातल्या चपला आणि त्यांच्यावर लाल चिखल. काकी तांदूळ निवडत होत्या. त्या उठल्या, आणि तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचंही त्यांना सुचलं नाही. मोठ्या माणसासारखी दिसत होती पोर. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"सोडलंस का?" तिने आल्या आल्या विचारलं. "टाकीतलं. सोडून दिलंस?"

"न्हाई अजून."

प्रांजल तिथेच, उंबऱ्यात बसली. ओढणीने तोंड पुसलं आणि रडायला लागली. लहानपणी जत्रेत हरवली होती आणि सापडल्यावर रडली होती, तशी. काकी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. काय झालं म्हणून विचारायची त्यांना भीती वाटत होती.

"दोनदा राहिलं होतं, आई," शेवटी तीच म्हणाली. "दोनदा गेलं. पहिल्या वेळी कळलं तोवर गेलंसुद्धा. दुसऱ्या वेळी पाचवा लागला होता. पाय हलवायला लागलं होतं."

"कवा?"

"गेल्या पावसाळ्यात."

गेल्या पावसाळ्यातले रविवार काकींच्या डोळ्यांपुढे आले. त्यातल्या एका रविवारी प्रांजल बिछान्यात पडून फोनवर बोलली होती. काकींनी तिला आळशी म्हणून चिडवलं होतं आणि मग गच्चीवर जाऊन काच दाखवली होती.

"मला सांगितलं न्हाईस," त्या म्हणाल्या. "आईला सांगितलं न्हाईस गं."

"कसं सांगू? तू दर रविवारी ती काच पुसून दाखवायचीस. बघ, नितळ आहे. मला वाटायचं, तू हिशेब मागतेयस. इकडे सगळं तयार आहे, तुझं काय झालं?"

"मी? हिशेब?" काकींचा हात तिच्या पाठीवरच थांबला. "अगं, मला तू यावीस असं वाटायचं. तेवढंच. तू यावीस म्हनून ते भरलं हुतं."

"मग तसं म्हणायचंस ना!"

"जमलं न्हाई," काकी म्हणाल्या, आणि त्याही रडायला लागल्या.

माजघरात विलासराव होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते बाहेर आले नाहीत. मागच्या दाराने छत्री घेऊन कुठेतरी गेले.

"फोनवर तुला सोडून दे म्हटलं ना," प्रांजल जरा वेळाने म्हणाली, "तेव्हा वाटलं, सुटले. आता ती काच परत बघावी लागणार नाही. आणि फोन ठेवल्यावर मला काय झालं कुणास ठाऊक. सेंतिल घाबरला. मी नुसती म्हणत होते, ती टाकी ओतून टाकतील, ती टाकी ओतून टाकतील. त्यानेच तिकीट काढलं." तिने नाक पुसलं. "मला ते पाणी हवं होतं, आई. बाळ नसलं तरी हवं होतं. पण बाळ नसताना ते मागायचं कसं?"

काकींनी पदराने आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे. आणि उठल्या.

"बाळंतीनच हायस तू," त्या म्हणाल्या. "दोनदा बाळंत झालीस आनि दोनदा कुनी तुला न्हाऊ घातलं न्हाई. चल, ऊठ. कपडे काढून ठेव."

*

न्हाणीघरात काकींनी पाट मांडला. विलासराव परतले तेव्हा त्यांच्या हातात कागदी पुड्या होत्या, भिजू नयेत म्हणून शर्टाच्या आत धरलेल्या. ओवा, वेखंड, बाळंतशोपा, आणि धुरीसाठी ऊद. वाण्याने विचारलं असणार, घरात कोण बाळंत झालं. काय सांगितलंत म्हणून काकींनी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पुड्या दारात ठेवून ते गच्चीवर गेले. मागच्या टाकीच्या तोटीची लाल चिंधी ओली होऊन घट्ट बसली होती. ती त्यांनी नखांनी सोडवली.

"सोडू का?" वरून आवाज आला.

"सोडा!" काकी ओरडल्या.

नळी थरथरली. आधी गार पाणी आलं, मग कोमट, आणि मग वाफच आली. सगळं न्हाणीघर वाफेने भरून गेलं, भिंतीवरून थेंब ओघळायला लागले. काकींनी बादलीत हात घातला आणि चटकन मागे घेतला. इतकं कढत पाणी त्या घरात कित्येक महिन्यांत आलं नव्हतं.

त्यांनी लेकीच्या अंगाला तेल चोळलं. पाठ, कंबर, पोटऱ्या, तळवे. पोटावर त्यांचा हात हलका झाला. तिथे त्या बराच वेळ खालून वर तेल जिरवत राहिल्या. मग तांब्याने पाणी घालायला लागल्या. कंबरेवर धार धरली तेव्हा प्रांजलने डोळे मिटले.

"कुठलं आहे गं हे ऊन?" तिने विचारलं.

"तुझ्या लग्नाच्या आधीचं. वैशाखातलं. तू गच्चीवर कुरडया राखत बसली हुतीस, आठवतंय? काठी घेऊन. कावळ्यांशी भांडत."

"आणि निम्म्या कुरडया मीच खाल्ल्या ओल्या."

"म्हाईत हाय मला. मी कावळ्यांच्या नावावर खपवल्या."

प्रांजल हसली, आणि हसता हसता तिचे खांदे गदगदायला लागले. काकींनी तिचं डोकं छातीशी धरलं. त्यांचं लुगडं भिजलं, पण धार त्यांनी थांबवली नाही. एवढ्या वर्षांपूर्वी गच्चीवर पडलेलं ते ऊन, पोरीच्या तेव्हाच्या बडबडीशेजारी पडलेलं, आता तिच्या पाठीवरून वाहून मोरीतून अंगणात चाललं होतं. काकींना त्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं. ते वाटलं नाही. त्यांना फक्त एवढंच वाटलं की हे गेल्या वर्षी करायला हवं होतं, आणि त्याच्याही आधी एकदा.

धुरी झाली, पोट बांधून झालं, कान बांधले. प्रांजलला माजघरात बाजेवर निजवून, वर दोन गोधड्या घालून काकी वळल्या, तर ती झोपेतल्या आवाजात म्हणाली, "पाणी उरलंय, आई. आता तू घे. आणि बाबांना ठेव."

काकी न्हाल्या. मग विलासराव न्हाले. त्यांनी एरवी आनंदाने गाणं म्हटलं असतं. या खेपेला आतून फक्त पाण्याचा आवाज येत होता. काकी गच्चीवर जाऊन काच बघून आल्या. रस पिवळाधमक झाला होता.

*

प्रांजल आठवडाभर राहिली. सेंतिलचा रोज फोन यायचा आणि तो मोडक्या मराठीत "आई, तिला जास्त खायला द्या" असं सांगायचा. जुना बंब न्यायला गाडी आली त्या दिवशी नाझनीनही आली.

"मग काकी? रसाचाच ना? मोठ्या टाकीचा सांगून ठेवलाय मी."

"नगं," काकी म्हणाल्या. "विजेचा दे. साठवन नसलेला."

विलासरावांचा कानांवर विश्वास बसेना. "नक्की?"

"नक्की. कळ दाबली की पानी आलं पायजे. कोन कधीबी येऊ दे, कशासाठीबी येऊ दे, न्हाईतर नुसतं येऊ दे."

नाझनीनने तो त्याच दिवशी बसवला. भिंतीवर एक पांढरी पेटी, तिला ना काच ना टाकी. पंचमीला दोन दिवस उरले होते, तरी प्रांजल निघाली. रजा संपली होती. एसटी धुक्यात दिसेनाशी झाल्यावरही काकी फाट्यावर उभ्या राहिल्या. शेवटी विलासरावांनी त्यांना हाताला धरून घरी आणलं.

पुढच्या रविवारी सकाळी फोन आला. काकी चार इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलल्या आणि सवयीने गच्चीच्या जिन्याकडे निघाल्या. पहिल्या पायरीवरच त्या थांबल्या. वर दाखवायला काही नव्हतं. फोनमध्ये प्रांजलही गप्प होती, वाट बघत असल्यासारखी.

काकी पायरीवर बसल्या.

"प्राजू," त्या म्हणाल्या, "ये गं. तुझी लई आठवन येती."

इतकी वर्षं अडलेलं वाक्य, आणि निघालं ते असं सहज, पायरीवर बसून. प्रांजल बोलायला लागली ती थांबेचना. दुसऱ्या वेळचं सगळं तिने सांगितलं. मुलगी होती, हे सांगितलं. तिने मनात एक नाव ठेवलं होतं, तेही सांगितलं. काकी हूं हूं करत ऐकत राहिल्या.

न्हाणीघरात विलासरावांनी बादली भरून घेतली होती, चांगली कढत, आजवर मागितली होती तशी. खांद्यावर टॉवेल टाकून ते दाराशी आले आणि जिन्यावरून येणारा लेकीचा आवाज ऐकत तिथेच उभे राहिले. आत त्यांचं पाणी निवून गेलं.